सत्तर वर्षांचा प्रश्न, पाच वर्षांचा पैसा

घरी मराठी, रविवारी मिस्साला कोंकणी, बसमध्ये कन्नड आणि वर्गात इंग्रजी. बेळगावात वाढलेल्या आपल्यापैकी पुष्कळांचा दिवस असाच जातो, आणि त्यात काही विशेष आहे असं आपल्याला वाटतही नाही. पण गेली काही वर्षं एक वाक्य सारखं कानावर पडतं: जास्त भाषा बोलणाऱ्यांचा मेंदू म्हातारपणी जास्त काळ शाबूत राहतो. मातृभाषेचा विषय निघाला की कुणीतरी हे वाक्य टाकतंच. ऐकायला बरं वाटतं. पण हे कुणी आणि कसं शोधून काढलं? आणि ते शोधायला पैसे कुणी दिले?

साहित्याच्या अंकात हा दुसरा प्रश्न थोडा विचित्र वाटेल. तरी या लेखाचा खरा विषय तोच आहे. माणसाचा मेंदू लहानपणी कसा घडतो आणि म्हातारपणी कसा झिजतो, हे एकाच माणसात बघायचं तर साठ-सत्तर वर्षं लागतात. संशोधनाला मिळणारा पैसा मात्र साधारण तीन ते पाच वर्षांपुरता असतो. या दोन आकड्यांमध्ये जी दरी आहे ती कशी भरली जाते, हे समजलं की विज्ञानाच्या बातम्या वाचताना आपण वेगळे प्रश्न विचारू लागतो. शिवाय या हकिकतीत शाळेच्या जुन्या नोंदी आणि कॉन्व्हेंटमधले निबंध यांचा वाटा इतका मोठा आहे, की आपल्या मंडळींना ती परकी वाटणार नाही.

१. एक फोटो की सगळा अल्बम?

आधी दोन शब्द समजून घेऊ. समजा, आज एकाच दिवशी आपण वीस, चाळीस, साठ आणि ऐंशी वर्षांच्या माणसांची स्मरणशक्ती तपासली. ऐंशीवाले मागे पडले. मग आपण म्हणणार, वय वाढलं की स्मरणशक्ती कमी होते. हा झाला एकवेळचा अभ्यास. स्वस्त असतो, लवकर होतो, आणि पुष्कळदा उपयोगीही असतो.

पण नीट विचार करा. आजचे ऐंशीवाले लहान होते तेव्हा किती जणांना शाळा मिळाली? किती जणींना सातवीनंतर घरी बसवलं? खायला काय होतं, गोवर-टायफॉइडला औषध कुठलं होतं? आजच्या वीस वर्षांच्या मुलाशी त्यांची तुलना केली तर जो फरक दिसतो त्यात वयाचा भाग किती आणि काळाचा किती, हे वेगळं काढता येत नाही.

त्यावर उपाय एकच. त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जायचं. आज तपासायचं, तीन वर्षांनी तपासायचं, मग आणखी तीन वर्षांनी. याला दीर्घकालीन अभ्यास म्हणतात. पहिला प्रकार म्हणजे लग्नातला ग्रुप फोटो, दुसरा म्हणजे एकाच माणसाचा बारशापासूनचा अल्बम. अल्बम जास्त सांगतो हे उघड आहे. पण अल्बमसाठी कुणीतरी दर वर्षी फोटो काढावा लागतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो कुणीतरी सांभाळून ठेवावा लागतो.

२. हैदराबादने काय सांगितलं

भाषेच्या प्रश्नावर भारतातलं सर्वांत गाजलेलं काम हैदराबादचं आहे. तिथल्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांतले ३९१ जण दोन किंवा अधिक भाषा बोलणारे होते. हैदराबादला तेलुगू, उर्दू, हिंदी, इंग्रजी अशी सरमिसळ रोजचीच. २०१३ मध्ये हा अभ्यास छापून आला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा अनेक भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा झाल्याचं त्यात दिसलं. विशेष म्हणजे कधी शाळेत न गेलेल्या रुग्णांमध्येही हा फरक होता. म्हणजे हा केवळ शिक्षणाचा परिणाम आहे असं म्हणून तो झटकून टाकता येत नव्हता.

या निष्कर्षाचं मोल मोठं आहे. पाश्चात्य देशांत अनेक भाषा बोलणारा माणूस पुष्कळदा स्थलांतरित असतो किंवा जास्त शिकलेला असतो, त्यामुळे भाषेचा परिणाम वेगळा काढणं अवघड जातं. आपल्याकडे भाजीवाल्या मावशीही तीन भाषांत भाव करते.

तरीही एक शंका उरते. हे सगळे लोक दवाखान्यात आलेले रुग्ण होते. आजार कधी सुरू झाला हे घरच्यांच्या आठवणीवरून ठरवलेलं. आणि मुख्य म्हणजे ही माणसं लहानपणी कशी होती हे कुणालाच माहीत नव्हतं. मुळात ज्यांची बुद्धी तल्लख, तेच जास्त भाषा शिकले असतील तर? मग भाषेमुळे मेंदू टिकला, की टिकाऊ मेंदूमुळे भाषा आल्या? कोंबडी आधी की अंडं आधी, तसाच हा प्रश्न. तो सोडवायचा तर आज म्हातारी असलेली माणसं दहा-अकरा वर्षांची असताना कशी होती, याची लेखी नोंद हवी. आज कितीही कोटी रुपये दिले तरी अशी नोंद मागे जाऊन तयार करता येत नाही.

३. स्कॉटलंडमधली एक परीक्षा

अशी नोंद एका देशात होती. १ जून १९३२ रोजी स्कॉटलंडच्या शाळांत १९२१ साली जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाने एकच बुद्धिमापन चाचणी दिली. मुलं होती ८७,४९८. पुढे ४ जून १९४७ रोजी १९३६ साली जन्मलेल्या ७०,८०५ मुलांची तशीच चाचणी झाली. पंचेचाळीस मिनिटं, एकाहत्तर प्रश्न.

त्या वेळी उद्देश मेंदूच्या म्हातारपणाचा मुळीच नव्हता. १९४७ च्या चाचणीमागची भीती काहीशी कुरूप होती. गरीब घरांत मुलं जास्त होतात, त्यामुळे देशाची सरासरी बुद्धी घसरत चालली आहे, असं तेव्हाच्या काही शहाण्यांना वाटत होतं. चाचणी झाली, आणि सरासरी घसरलेली नव्हती, उलट थोडी वाढलेली होती. विषय संपला. नोंदी बांधून ठेवल्या गेल्या.

पण फेकल्या गेल्या नाहीत. एवढ्या एका गोष्टीवर पुढचं सगळं उभं आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी इयन डिअरी आणि लॉरेन्स व्हॅली या संशोधकांना या नोंदींचं मोल कळलं. १ जून १९९८ रोजी, बरोबर सहासष्ट वर्षांनी, ॲबरडीनच्या म्युझिक हॉलमध्ये १९३२ ची काही मुलं पुन्हा परीक्षेला बसली. आता ती सत्याहत्तर वर्षांची होती. प्रश्न तेच, वेळ तीच.

पुढे एडिंबरा आणि आसपासच्या लोदियन भागात अशा माणसांना शोधून दोन गट उभे राहिले. १९३६ साली जन्मलेल्यांच्या गटात १,०९१ माणसं आली. सत्तरीपासून दर तीन वर्षांनी साधारण एकदा त्यांच्या चाचण्या होत राहिल्या, आणि त्र्याहत्तरीपासून मेंदूचे एमआरआयही. त्यातून पहिली गोष्ट कळली ती अशी, की म्हातारपणच्या बुद्धीत माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला साधारण निम्मा फरक अकराव्या वर्षीच दिसत होता. म्हणजे शब्दकोडी सोडवणाऱ्या आजोबांची बुद्धी शाबूत असेल, तर ती कोड्यांमुळे आहे असं म्हणण्याआधी आजोबा अकराव्या वर्षी कसे होते ते विचारायला हवं.

आता आपला भाषेचा प्रश्न. थॉमस बाक हे एडिंबरा विद्यापीठातले संशोधक. हैदराबादच्या अभ्यासातही ते होते. २०१४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी याच गटातल्या ८५३ जणांची माहिती मांडली. त्यांतल्या २६२ जणांना इंग्रजीशिवाय निदान एक भाषा येत होती. अकराव्या वर्षीचे गुण हाताशी असल्याने हिशेब साफ करता आला: या मुलाच्या तेव्हाच्या गुणांवरून त्र्याहत्तरीच्या सुमारास त्याला किती गुण मिळायला हवेत, आणि प्रत्यक्षात किती मिळाले? दुसरी भाषा येणाऱ्यांची कामगिरी अपेक्षेपेक्षा चांगली होती. कोंबडी-अंड्याच्या प्रश्नातली एक बाजू तरी मोकळी झाली.

इथे थांबून एक सावध सूचना. बुद्धीच्या चाचणीत चांगले गुण मिळणं आणि डिमेन्शिया न होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय २०१७ मध्ये लंडनच्या संशोधकांनी या विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. मागे वळून पाहणाऱ्या अभ्यासांत भाषेचा फायदा दिसत होता, पण निरोगी माणसांपासून सुरुवात करून पुढे पुढे जाणाऱ्या अभ्यासांत डिमेन्शियाचा धोका कमी झालेला दिसत नव्हता. म्हणजे ज्या वाक्याने हा लेख सुरू झाला त्यावर अजून शिक्का बसलेला नाही. आणि तो बसवण्याचं किंवा पुसण्याचं काम दीर्घकालीन अभ्यासच करू शकतात.

४. सिस्टरांनी लिहिलेलं एक पान

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं, आणि ते आपल्याला दोन कारणांनी जवळचं आहे. एक म्हणजे त्यात धर्मभगिनी आहेत, आणि दुसरं म्हणजे त्यात निबंध आहेत.

१९८६ मध्ये डेव्हिड स्नोडन यांनी मिनेसोटा विद्यापीठात स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम या संस्थेच्या वयस्क भगिनींबरोबर काम सुरू केलं. पुढे ते काम केंटकी विद्यापीठात गेलं आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या निधीवर मोठं झालं. जगभर ते 'नन स्टडी' म्हणून ओळखलं जातं. ६७८ सिस्टर त्यात सामील झाल्या, सगळ्या पंचाहत्तरीच्या पुढच्या. दर वर्षी चाचण्या द्यायला त्या तयार झाल्याच, शिवाय मृत्यूनंतर आपला मेंदू अभ्यासासाठी देण्याचंही प्रत्येकीने मान्य केलं.

सिस्टरच का? याचं उत्तर भक्तीत नाही, अभ्यासाच्या आखणीत आहे. एकीचं जेवण काय आणि दुसरीचं काय, कुणाला डॉक्टर मिळाला, कुणाचा नवरा दारू पीत होता, कुणाला किती मुलं झाली, अशा शंभर गोष्टी सामान्य माणसांत वेगळ्या असतात. कॉन्व्हेंटमध्ये या बऱ्याचशा सारख्या. बहुतेक जणी शिक्षिका, एकाच प्रकारच्या घरात राहणाऱ्या, एकाच प्रकारची औषधपाण्याची सोय असलेल्या. आयुष्य इतकं सारखं असूनही एकीचा मेंदू शंभरीतही तल्लख आणि दुसरीचा पंचाहत्तरीत विझलेला असेल, तर कारण शोधणं थोडं सोपं जातं.

याच कामात स्नोडन यांच्या हाती संस्थेच्या दप्तरातले जुने निबंध आले. १९३० मध्ये उत्तर अमेरिकेतल्या मदर सुपीरियरनी सांगितलं होतं, की प्रत्येक सिस्टरने आपल्या आयुष्याबद्दल दोनशे-तीनशे शब्दांत एका पानावर लिहावं: जन्म, आईवडील, बालपणीच्या गोष्टी, शाळा, कॉन्व्हेंटमध्ये कशा आल्या. तरुण सिस्टर हे पान लिहीत तेव्हा त्यांचं सरासरी वय होतं बावीस. म्हणजे आपल्या वर्गातल्या मुलींएवढ्याच त्या होत्या.

स्नोडन यांच्याबरोबर सुझन केम्पर या भाषेच्या अभ्यासक होत्या. त्यांनी ९३ निबंधांत 'कल्पनांची घनता' मोजली, म्हणजे दर दहा शब्दांमागे किती वेगळ्या कल्पना येतात ते पाहिलं. पद्धत इंग्रजीसाठी केलेली आहे, पण मराठीत ढोबळ अंदाज घेता येतो. ही दोन उदाहरणं माझी:

माझा जन्म बेळगावात झाला. आमचं घर मोठं होतं. घरी आजी होती.

पावसात गळणाऱ्या मोठ्या घरात आजीची कोंकणी गाणी ऐकत मी हळूहळू बोलायला शिकले.

शब्दांची संख्या जवळजवळ सारखी. पहिल्यात तीन-चार गोष्टी सांगितल्या जातात, दुसऱ्यात सात-आठ: घर गळतं, पावसात गळतं, मोठं आहे, आजी गाते, गाणी कोंकणी आहेत, मी ऐकते, बोलायला शिकते, हळूहळू शिकते. पहिलं वाईट आणि दुसरं चांगलं असं नाही, साहित्यात साध्या वाक्याचंही मोल असतं. इथे प्रश्न फक्त मोजणीचा आहे.

१९९६ मध्ये निष्कर्ष छापून आला. निबंध लिहिल्यानंतर सुमारे अठ्ठावन्न वर्षांनी, ज्यांच्या तरुणपणच्या लिखाणात ही घनता कमी होती त्यांना स्मरणशक्तीच्या आणि विचारांच्या चाचण्यांत कमी गुण मिळण्याची शक्यता बरीच जास्त होती. या गटातल्या चौदा सिस्टरांचा तोपर्यंत मृत्यू झालेला होता. त्यांचे मेंदू तपासल्यावर दिसलं, की तरुणपणी घनता कमी असलेल्या सगळ्यांच्या मेंदूत अल्झायमर होता आणि घनता जास्त असलेल्या एकीच्याही मेंदूत नव्हता.

चौदा हा आकडा लहान आहे, हे विसरू नये. आणि याचा अर्थ 'छान निबंध लिहा, अल्झायमर टळेल' असाही होत नाही. कदाचित त्या वयातलं लिखाण हे मेंदूच्या घडणीचं फक्त एक चिन्ह असेल. कदाचित आजाराची अगदी पहिली चाहूल इतक्या लवकर भाषेत उमटत असेल. नक्की काय ते निबंध सांगत नाहीत. पण म्हातारपणचा आजार समजायचा तर विशीकडे बघावं लागेल, हे त्यांनी ठसवलं. सिस्टर मेरी यांचं उदाहरणही याच अभ्यासातलं. वयाच्या १०१ व्या वर्षी त्या वारल्या. शेवटपर्यंत चाचण्यांत चांगले गुण, आणि मेंदू तपासला तर त्यात अल्झायमरच्या खुणा भरपूर. मेंदू बिघडला तरी माणूस टिकतो, असंही घडतं.

मदर सुपीरियरनी ते पान लिहायला सांगितलं तेव्हा अल्झायमरचा विचार कुणाच्याही मनात नव्हता. स्कॉटलंडच्या चाचणीसारखंच हे. हेतू वेगळा होता, कागद टिकला, आणि नव्या प्रश्नाला त्याने उत्तर दिलं.

५. पैसा नेमका कशाला लागतो?

आता मुद्द्यावर येऊ. असा अभ्यास चालवायला पैसा कुठे जातो? आपल्याला वाटतं एमआरआयच्या यंत्रावर. तो खर्च मोठा आहेच. पण खरा सततचा खर्च न दिसणाऱ्या गोष्टींवर होतो. माणसांचे पत्ते आणि फोन नंबर ताजे ठेवणं. घर बदललेल्या आजींना शोधणं. त्यांना आणायला गाडी पाठवणं. रक्ताचे नमुने फ्रीजरमध्ये वर्षानुवर्षं थंड ठेवणं, म्हणजे विजेचं बिल. वीस वर्षांपूर्वीची माहिती आजच्या संगणकात वाचता येईल अशी ठेवणं. आणि चेहऱ्याने ओळखीची झालेली नर्स किंवा कार्यकर्ती नोकरीवर टिकवणं, कारण तिच्यासाठीच लोक पुन्हा येतात.

लोदियनच्या १९३६ च्या गटाचे आकडे बघा. सत्तरीला १,०९१ माणसं होती. त्र्याहत्तरीला ८६६, शहात्तरीला ६९७, एकोणऐंशीला ५५०, ब्याऐंशीला ४३१. काही वारले, काही आजारी पडले, काहींना यायला जमेना. यातली अडचण फक्त संख्येची नाही. सगळ्यात आधी गळतात ते बहुधा ज्यांची तब्येत खालावते आहे तेच. म्हणजे ज्यांच्यासाठी अभ्यास आहे तेच हातातून निसटतात, आणि उरलेल्यांवरून चित्र उगीच चांगलं दिसू लागतं. त्यांना धरून ठेवायला घरी जाण्याचा खर्च करावाच लागतो. मध्येच दोन वर्षं निधी थांबला तर पुढे दुप्पट पैसा देऊनही ती फेरी परत घेता येत नाही, कारण ब्याऐंशीच्या माणसाला परत एकोणऐंशीचं करता येत नाही.

दुसरी अडचण विचारसरणीची आहे. निधी देणाऱ्या समित्या सहसा विचारतात, यात नवीन काय? दीर्घकालीन अभ्यासाचं बळ मात्र जुनं तसंच ठेवण्यात आहे. १९४७ चा प्रश्नपत्रिकेचा संच सत्तरीला बदलला असता तर तुलनाच संपली असती. म्हणून असे गट चालवणारे लोक दर पाच वर्षांनी जुन्या गाभ्यावर नवा प्रश्न जोडतात: या खेपेला जनुकं, पुढच्या खेपेला मेंदूतल्या रक्तवाहिन्या. नव्या प्रश्नाच्या पैशात जुना गट जगवायचा.

तिसरी गोष्ट, पैसा एकाच खिशातून येत नाही. लोदियनच्या कामाला सरकारी संशोधन परिषदांबरोबर एज यूके या धर्मादाय संस्थेने 'डिस्कनेक्टेड माइंड' या प्रकल्पातून मोठा हात दिला. अशा संस्थेचा पैसा लोकांच्या देणग्यांतून येतो. नन स्टडीला सरकारी निधी होता, पण तिथे सिस्टरांनी दिलेला वेळ, दप्तर आणि शेवटी स्वतःचे मेंदू यांची किंमत कुठल्याच अंदाजपत्रकात लिहिलेली नाही.

बालपणाच्या बाजूनेही आता मोठी कामं सुरू आहेत. अमेरिकेत 'एबीसीडी' नावाच्या अभ्यासात नऊ-दहा वर्षांची ११,८०० हून अधिक मुलं २१ केंद्रांत निवडली गेली, आणि दहा वर्षं त्यांच्या मेंदूच्या वाढीचा पाठपुरावा करायचा असं ठरलं. दहा वर्षं म्हणजे संशोधनाच्या जगात फार मोठा शब्द. पण आपल्या अकरा वर्षांच्या स्कॉटिश मुलांच्या हिशेबाने बघितलं तर ही फक्त सुरुवात आहे.

६. आपल्याकडे काय चाललंय?

भारतात काही नाही, असं समजायचं कारण नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचा निधी त्यात होता. पोटातल्या बाळापासून सुरुवात करून त्या मुलांचा मोठेपणापर्यंत माग ठेवला गेला. मधुमेहाबद्दल या कामाने जगाला पुष्कळ सांगितलं, पण मेंदूबद्दलही एक गोष्ट पुढे आली. आईच्या शरीरात गरोदरपणी बी-१२ जीवनसत्त्व फार कमी असेल, तर नऊ वर्षांनी मूल स्मरणाच्या आणि लक्ष देण्याच्या काही चाचण्यांत मागे पडलेलं दिसलं. नऊ वर्षं थांबायची तयारी नसती तर हे कळलंच नसतं.

म्हातारपणाच्या बाजूने, आपल्याच राज्यात, कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातलं मेंदू संशोधन केंद्र काम करतंय. पंचेचाळीस वर्षांवरच्या दहा हजार गावकऱ्यांपर्यंत पोचायचं लक्ष्य आहे. हे केंद्र उभं राहिलं ते इन्फोसिसचे सहसंस्थापक क्रिस गोपालकृष्णन यांच्या प्रतीक्षा ट्रस्टच्या देणगीवर: २०१४ मध्ये दहा वर्षांसाठी २२५ कोटी रुपये जाहीर झाले. देशभरचा मोठा अभ्यास म्हणजे 'लासी'. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळीशीपुढच्या ७२,००० हून अधिक लोकांची पहिली फेरी घेतली. त्यात केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाबरोबर अमेरिकेच्या त्याच राष्ट्रीय वार्धक्य संस्थेचा पैसा आहे. त्याचाच एक भाग असलेल्या डिमेन्शियाच्या अभ्यासावरून असा अंदाज निघाला, की साठीपुढच्या भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसांना डिमेन्शिया आहे.

८८ लाख. प्रत्येकामागे सांभाळणारी निदान एक मुलगी, सून किंवा मुलगा. आणि त्या सगळ्यांसाठी आज उपलब्ध असलेलं बरंचसं ज्ञान दुसऱ्या देशांतल्या, एक भाषा बोलणाऱ्या, लिहिता-वाचता येणाऱ्या माणसांवरून आलेलं आहे. आपल्या आजीला पेनाने घड्याळ काढायला सांगितलं आणि तिने कधी पेनच धरलं नसेल, तर ती चाचणी तिच्या मेंदूची नाही, तिच्या शाळेची होते. म्हणून इथल्या माणसांसाठी, इथल्या भाषांत चाचण्या घडवाव्या लागतात आणि इथलीच माणसं दीर्घकाळ बघावी लागतात. हैदराबादने विचारलेल्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर एडिंबरामध्ये मिळणार नाही. तिथे दुसरी भाषा पुष्कळांना शाळेतल्या तासापुरती आली, आपल्याकडे ती अंगणात येते.

यात जोखीम कुठे आहे तेही दिसतंय. पुण्याच्या कामात परदेशी ट्रस्टचा पैसा, बंगळुरूच्या केंद्रामागे एका दानशूर घराण्याचा, लासीत दुसऱ्या देशाच्या सरकारचाही वाटा. या सगळ्यांचे आभारच मानायला हवेत. पण परक्या सरकारचा अग्रक्रम बदलू शकतो आणि देणगीची मुदत संपते. सत्तर वर्षांचा प्रश्न विचारायचा तर त्याच्या गाभ्याचा खर्च, म्हणजे माणसं, पत्ते, फ्रीजर, दप्तर, हा देशाने स्वतःच्या अंदाजपत्रकातून आणि दर पाच वर्षांनी नव्याने हात न पसरता उचलायला हवा, असं मला वाटतं. नवे प्रश्न, नवी यंत्रं यांसाठी स्पर्धा असू दे. जुनं सांभाळण्यासाठी स्पर्धा नको.

७. आपण काय करू शकतो?

आपल्या हातात निधी नाही. पण या लेखातल्या दोन्ही मोठ्या अभ्यासांचा पाया ज्यांनी घातला त्यांच्याही हातात त्यासाठी निधी नव्हता. शाळेतल्या शिक्षकांनी चाचणी घेतली, मदरनी एक पान लिहायला सांगितलं, आणि कुणीतरी ते कपाटात नीट ठेवलं. चर्चमधली बाप्तिस्म्याची वही, शाळेचं जनरल रजिस्टर, आपल्या मंडळाची जुनी हस्तलिखितं, ही सगळी त्याच जातीची संपत्ती आहे. वाळवीने आणि रद्दीवाल्याने ती आधी नेऊ नये एवढं तरी बघता येईल.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. या वर्षी ज्यांची इच्छा असेल त्यांनी दोनशे-तीनशे शब्दांत, आपल्या हाताने, आपल्या भाषेत एक पान लिहावं: कुठे जन्मलो, घरी कोण होतं, कुठल्या भाषा कुठे शिकलो. जे खासगी ठेवायचं ते लिहू नये. लेखी संमती घ्यावी, पाकीट बंद करून तारीख घालावी, आणि ग्रंथालयाच्या प्रमुखांना ते दप्तरात ठेवायची विनंती करावी. कुणाला कधी उपयोग होईल ते आज सांगता येणार नाही. सिस्टरांनाही ते माहीत नव्हतं.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी हे प्रश्न घेता येतील:

१) स्वतःच्या जुन्या निबंधातली शेवटची दहा वाक्यं घ्या आणि वर दाखवल्याप्रमाणे कल्पना मोजा. मराठीत मोजताना कुठे अडतं? सामासिक शब्दाची एक कल्पना धरायची की दोन?

२) वर्तमानपत्रात 'अमुक केल्याने स्मरणशक्ती वाढते' अशी बातमी शोधा. तो अभ्यास फोटो आहे की अल्बम? लहानपणची नोंद त्यात होती का?

३) १९४७ ची चाचणी चुकीच्या भीतीतून झाली, पण नोंदी उपयोगी ठरल्या. मग कुठल्या नोंदी ठेवाव्यात हे कुणी आणि कसं ठरवावं?

४) शंभर रुपये असतील तर त्यांतले किती नव्या यंत्राला आणि किती जुन्या दप्तराला द्याल? उत्तराबरोबर कारणही सांगा.